काजव्याची दोनशे बारा पोस्टकार्डं

१

शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता संदेश कंधारकर आयुष्यातली पहिली चोरी करायला हैदराबादच्या नारायणगुड्यातल्या सुबोध वाचनालयात शिरला, आणि पाचच मिनिटांत त्याच्या लक्षात आलं की चोरी आधीच होऊन गेली आहे.

हा माणूस काही चोरीच्या वाटेला जाणारा नव्हे. वय सत्तेचाळीस, विमा कंपनीत अधिकारी, दुसऱ्याचं पेन चुकून खिशात आलं तर दुसऱ्या दिवशी शोधत जाऊन परत देणारा. पण त्या दिवशी त्यानं रजा टाकली होती आणि रिकामी बॅग खांद्याला अडकवली होती.

हॉलमध्ये रविवारी उघडणाऱ्या प्रदर्शनाची मांडामांड चालली होती. 'साथीदारांचं काय झालं?' असं त्याचं नाव. कॉमिक्समधल्या महानायकांच्या मागे जी पोरं धावतात त्यांचं पुढं काय होतं, हा विषय. मूळची पुण्याची आणि इथं आयटीत नोकरीला असलेली अनुराधा हिच्या डोक्यातून तो निघाला होता. तिनं चार भिंतींवर चार पाट्या लावल्या होत्या : मेले, परत आले, मोठे झाले, विसरले गेले. 'मेले'ची भिंत सगळ्यात भरगच्च होती. "नायकाला सूड घ्यायला कारण लागतं ना," ती येईल त्याला सांगायची, "मग लेखक साथीदाराचा बळी देतो. नायक एक पान रडतो आणि पुढच्या अंकात नवा पोरगा येतो."

त्या भिंतीच्या मधोमध काजवा होता.

काजवा म्हणजे 'लोहध्वज' या मराठी कॉमिकमधला, हातात कंदील घेऊन पळणारा पोरगा. हे मासिक ऐंशीच्या दशकात हैदराबादेतून निघायचं. लेखक आणि संपादक संदेशचे वडील भगवंतराव, चित्रं अप्पारावांची. काजव्याचं नाक, बाहेर आलेले कान, कपाळावरचा केसांचा भोवरा हा सगळा माल मात्र सरळसरळ संदेशचा. दर अंकात खलनायक काजव्याला दोरानं खांबाला बांधायचा, काजवा "दादा, वाचवा!" म्हणून ओरडायचा आणि लोहध्वज भिंत फोडून यायचा. एकोणनव्वद साली खप उतरला तेव्हा भगवंतरावांनी वाचकांनाच कौल लावला : काजव्याला मारू की जगवू? पोस्टकार्डावर कळवा. सहाशे अकरा कार्डं आली. तीनशे चाळीस म्हणाली 'मारा', दोनशे एकाहत्तर म्हणाली 'जगवा'. काजवा मेला आणि पाच महिन्यांनी मासिकही बंद पडलं.

त्या 'मारा'वाल्या कार्डांतली बरीचशी अकरा वर्षांच्या संदेशनं लिहिली होती. छत्तीस वर्षांत हे त्यानं कोणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

कार्डं रद्दीत गेली असं सगळे धरून चालले होते. पण हर्षवर्धन नावाच्या एका संग्राहकाला कोठी भागातल्या रद्दीवाल्याकडे त्या कार्डांनी भरलेला पत्र्याचा डबा मिळाला. त्यानं लगेच इंटरनेटवर लेख ठोकून दिला : शेकडो कार्डांवर हैदराबादचेच शिक्के आहेत, तेव्हा ती संपादकानं स्वतः लिहिली, भगवंतराव कंधारकर वाचकांशी खोटं बोलले. आता रविवारी त्याच भगवंतरावांचा सत्कार होता. त्र्याऐंशी वर्षांच्या बापावर आपल्यामुळं शिंतोडे उडताहेत हे संदेशला दिसत होतं आणि तोंड उघडायची हिंमत होत नव्हती. कार्डंच नाहीशी केली तर सगळं निवेल, एवढंच त्याला सुचलं.

आत्ता त्यानं प्रदर्शनासाठी आणून ठेवलेल्या त्या डब्यातले गठ्ठे भराभर चाळले. नांदेड, भैंसा, लातूर, बीदर. त्याच्या हातचं एकही कार्ड नव्हतं.

"संदेशदादा," मागून अनुराधाचा आवाज आला, "डबा तुम्ही उघडलात?"

२

अनुराधानं बुधवारी सगळ्या कार्डांची यादी केली होती. क्रमांक, गाव, मत. प्रत्येकाची काळ्या-पांढऱ्यातली झेरॉक्सही काढून ठेवली होती. आता मोजली तर तीनशे अठ्ठ्याण्णव भरली. दोनशे तेरा गायब.

पोलिसांत जायचं तर रविवारचा विचका होणार, म्हणून तिनं वाचनालयाच्या समितीतल्या नामदेवरावांना बोलावलं. हे गृहस्थ मूळ उदगीरचे. चौतीस वर्षं टपाल खात्यात तक्रारींचे निरीक्षक होते. हरवलेल्या मनीऑर्डरी आणि फोडलेली पाकिटं यांत आयुष्य गेल्यामुळं त्यांना माणसाच्या चेहऱ्यापेक्षा पाकिटाचा चेहरा लवकर वाचता येई. ते आले, डब्यापाशी खुर्ची ओढून बसले आणि आधी चहा मागवला.

"यादीपासून आजपर्यंत डब्याजवळ एकटं कोण होतं?"

"मी," अनुराधा म्हणाली. "काल सकाळी हर्षवर्धन फोटो काढायला. दुपारी अप्पाराव काजव्याचं मूळ पान द्यायला आले होते. आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला भगवंतराव. तासभर बसले होते. पण ते सोडा हो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वीसच दिवस झालेत, वाचायचा चष्मा अजून मिळालेला नाही. पुढ्यातलं अक्षर लागत नाही त्यांना."

ते खरंच होतं. बाबांना काल संदेशनंच आणलं होतं. गाडीत ते लहान मुलासारखे खिडकीबाहेर बघत बसले होते. "अक्षर लागत नाही, पण रंग काय दिसतात रे! निळा तर इतका निळा दिसतो, की जणू आत्ताच लावलाय." परत जाताना संदेशनं त्यांना हात दिला, त्यांची थर्मासची पिशवी उचलली. चहा संपला होता, तरी पिशवी चांगली जड लागली. त्याला स्वतःच्याच काळजीपुढं तिचा विचार करायला सवड नव्हती.

तेवढ्यात हर्षवर्धन तणतणत आला. "मी म्हणत नव्हतो? जी नेली ती सगळी हैदराबादच्या शिक्क्यांचीच असणार! ज्यानं खोटी कार्डं लिहिली, त्यानंच ती पळवली. आता म्हाताऱ्याला वाचवायला सगळे गोळा व्हा."

निम्मं खरं होतं, आणि ते ज्या माणसावर फेकलं जात होतं त्याचा त्यात हात नव्हता. आत्ता बोलावं, असं त्याच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा तो चहाकडे बघत बसला. त्याला स्वतःची शरम वाटली.

नामदेवरावांनी यादीवर बोट फिरवत सगळं ऐकून घेतलं. "दोनशे बारा कार्डं हैदराबादची, 'मारा'वाली. बरोबर बोलले तुम्ही. पण एक कार्ड भैंशाचं आहे. कोणी राणी म्हणून मुलगी. तिनं 'जगवा' लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "हे एक कायको नेलं?"

मग ते संदेशकडे वळले. "चला, तुमची गाडी आहे ना? अप्पारावांकडे जाऊ. आणि डबा कशाला उघडला होता, ते वाटेत सांगा."

३

वाटेत संदेशनं "बाबांसाठी बघत होतो" असं काहीतरी सांगितलं. नामदेवराव "हौ का," एवढंच म्हणाले आणि अफझलगंजपर्यंत बाहेरचे बोर्ड वाचत बसले.

अप्पाराव पलंगावर मांडी घालून बसले होते. हाताला कंप सुटला होता, पण जिभेला नव्हता.

"मी नक्को बोललो होतो! भगवंतरावांच्या हातापाया पडलो. पोराला मारू नका, त्याचं नाक काढताना मला आपला संदेश दिसतो. तर बोलले, कौल आलाय अप्पाराव, काढा. काढलं. तीन दिवस जेवण गेलं नाही मला." त्यांनी संदेशच्या गालाला हात लावला. "तुझ्या समोर बोलतो बाळा, ती कार्डं मला भेटली असती ना, तर मी सगळा डबाच चुलीत घातला असता. निवडत कोण बसतो?"

नामदेवरावांनी मान डोलावली. त्यांच्या यादीतलं एक नाव गळलं, हे संदेशला कळलं. हर्षवर्धनचंही गळलंच होतं, कारण त्याच्या लेखाचा सगळा पुरावा त्याच कार्डांत होता. अनुराधाकडे तर डबा यादी व्हायच्या आधी पंधरा दिवस पडून होता; पळवायचा असता तर तेव्हाच पळवता आला असता.

"काय हो," नामदेवरावांनी भिंतीवर टांगलेल्या एका जुन्या पानाकडे बोट दाखवलं, "या अक्षरांच्या मागं निळ्या रेघा कसल्या?"

अप्पाराव खूश झाले. "ती निळी पेन्सिल! आधी फिकट निळ्या दोन रेघा ओढायच्या, त्याच्यात अक्षर बसवायचं. म्हणजे ओळ वाकडी जात नाही. छापायला फोटो काढतात ना, त्या कॅमेऱ्याला निळं दिसत नाही. झेरॉक्सलाही नाही. म्हणून खोडायची कटकटच नाही. आमच्या प्रेसात बच्च्यापासून बुढ्ढ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडात एकच, निळं दिसत नाही."

संदेशच्या हातातला कप बशीवर खणकन वाजला.

छत्तीस वर्षांपूर्वीचं दुपारचं टेबल त्याच्या डोळ्यांसमोर आलं. बाबांची, वाचकांना उत्तरं धाडायची कोरी कार्डं. दर कार्डाला त्यानं वेगळं अक्षर काढलं होतं, वेगळं नाव घातलं होतं, कधी डाव्या हातानं लिहिलं होतं. आणि दर कार्डावर, घरात जन्मापासून बघितलेल्या सवयीनं, आधी दोन निळ्या रेघा ओढल्या होत्या. खोडल्या नव्हत्या. निळं दिसत नाही, असं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

कॅमेऱ्याला दिसत नाही. माणसाला दिसतं. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आज शिरत होती.

४

वाचनालयाच्या फाटकावर प्रदर्शनाचं पोस्टर होतं. नामदेवराव त्याच्यापुढं थांबले. भैंशाच्या राणीचं कार्ड अनुराधाला इतकं आवडलं होतं, की तिनं त्याचा मोठा रंगीत फोटो पोस्टरवर घेतला होता. 'काजव्याला जगवा, नाहीतर मी अंक घेणार नाही.' अक्षर गोल आणि टपोरं. पोरीनं बॉलपेननं पट्टी लावून आधी रेघा ओढल्या होत्या.

रेघा निळ्या होत्या.

"बसा," नामदेवराव पायरीवर टेकत म्हणाले. "आता मी बोलतो, चुकलं तिथं थांबवा. निळ्या पेन्सिलीचं नाव निघालं तेव्हा तुमचा कप वाजला, म्हणजे त्या दोनशे बारा कार्डांवर निळ्या रेघा होत्या. चोरानं कार्डं वाचलीच नाहीत. वाचली असती तर हे 'जगवा'चं कार्ड कशाला नेलं असतं? त्यानं फक्त निळ्या रेघा बघितल्या. जिथं दिसल्या ते कार्ड उचललं. म्हणजे त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण निळा रंग झकास दिसत होता. आणि त्या रेघांचा अर्थ माहीत होता. असा माणूस काल या डब्याजवळ तासभर बसला होता."

संदेशच्या कानांत बाबांचं वाक्य पुन्हा वाजलं. मग पिशवीचं वजन हाताला आठवलं.

"पिशवी मीच गाडीत ठेवली," तो पुटपुटला.

"हौ. माल तुम्हीच बाहेर काढला." नामदेवराव हसले नाहीत. "आता दुसरी बात. कार्डं लिहिली कोणी? तुमच्या वडिलांनी नाही. शिक्के झेरॉक्सवर बरोबर उमटलेत. नारायणगुडा, कोठी, अफझलगंज, तीनच पोस्टं. एका बसच्या रस्त्यावरची. सोमवारच्या पहिल्या टपालाचा शिक्का एकावरही नाही, म्हणजे रविवारी एक कार्ड टाकलेलं नाही, दसऱ्याच्या सुट्टीत नाही. संपादक रविवारीही टपालपेटीत कार्ड टाकू शकतो. शाळेला जाणारं पोरगं नाही टाकू शकत. तुमची शाळा कुठं होती, संदेशराव?"

"अफझलगंजच्या पुढं," संदेश म्हणाला. "मीच लिहिली. काजव्याला मी मारलं. बाबांचं मासिक मी बुडवलं. आणि आता त्यांचं नाव जातंय तर मी ते पुरावे चोरायला आलो होतो, खरं सांगायला नव्हे."

नामदेवरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मी तक्रारी सोडवायचो. पत्र कुठं अडकलं ते शोधायचं, एवढंच माझं काम. पोचवायचं काम दुसऱ्याचं असतं. घरी जा."

५

भगवंतराव गच्चीच्या दारापाशी खुर्चीत बसले होते. थर्मासची पिशवी पायाशीच होती. संदेश समोर जमिनीवर बसला. काय बोलायचं ते वाटेत त्यानं दहादा जुळवलं होतं.

"सापडलो वाटतं मी," भगवंतराव म्हणाले.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. सकाळच्या टपालात सात कार्डं आली. सात तऱ्हेची अक्षरं, आणि सातांवर आपल्या प्रेसच्या रेघा. निळी पेन्सिल प्रेसबाहेर होती कोणाकडं? टेबलावरची माझी कोरी कार्डंही कमी व्हायला लागली होती." त्यांनी पिशवीतून गठ्ठा काढून मांडीवर घेतला. "काल पुन्हा दिसली. चष्मा नाही तरी लखलखत होती. तो हर्षवर्धन आज ना उद्या तुझ्यापर्यंत पोचला असता. म्हणून उचलली."

"मग तेव्हाच बाजूला का नाही काढलीत? ती वगळली तर 'मारा'ची एकशे अठ्ठावीसच उरतात. काजवा जगला असता."

"जगला असता." म्हातारा गठ्ठ्यावर अंगठा फिरवत राहिला. "त्या पोराचा लेख खरा आहे, संदेश. निकाल मी खोटा लावला. ठाऊक असून लावला. घरात तू तोंडातून शब्द काढत नव्हतास, आणि पोस्टातून मला दोनशे बारा वेळा सांगत होतास की याला मारा. पोटच्या पोरानं दोनशे बारा वेळा मागितलेली गोष्ट मी नाही कशी म्हणणार होतो?"

"का मागतोय ते विचारायचं होतं, बाबा."

"हो." भगवंतरावांचे डोळे भरून आले. औषधाचे थेंब घालून आधीच लाल झाले होते. "तेव्हा मी तुझ्या आजच्या वयाचा होतो. भ्यालो. काय उत्तर येईल याची भीती वाटली. ते पाप काजव्याला मारण्यापेक्षा मोठं आहे, आणि ते मी छत्तीस वर्षं बाळगलंय. आता विचारतो. का रे?"

मग संदेशनं सांगितलं. मधली सुट्टी, शाळेतलं बदामाचं झाड, उडी मारायचा दोर. नवा अंक निघाला की पोरं त्याला झाडाला बांधायची आणि "म्हण, दादा वाचवा" म्हणायची. तो म्हणायचा. एका दिवशी तास सुरू झाला आणि पोरं त्याला सोडायला विसरली. शाळा सुटेपर्यंत तो तसाच होता. शेवटी शिपायानं दोर कापला. "मला वाटलं, काजवा मेला की हे थांबेल."

"थांबलं?"

"थांबलं. पण तुम्ही लिहायचंही थांबलात. ते माझ्यामुळं झालं, हे मला रोज वाटत आलंय."

भगवंतरावांनी हात त्याच्या कपाळावर, आता विरळ झालेल्या भोवऱ्यावर ठेवला. "चित्रं अप्पारावांची होती. दोर माझा होता," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी तुला गोष्टीत घेतलंय."

रविवारी हॉल भरला. सत्काराची शाल पुढं येण्याआधी संदेश उठला, दोनशे बारा कार्डं काचेच्या पेटीत ठेवली आणि ती आपण लिहिली असं सांगितलं. बाप म्हणून भगवंतरावांनी काय केलं तेही, त्यांना विचारूनच, सांगितलं. हर्षवर्धन पेटीवर ओणवा होऊन निळ्या रेघा बघत बसला. राणीचं कार्ड डब्यात परत गेलं.

गर्दी ओसरल्यावर भगवंतरावांनी काजव्याचं मूळ पान 'मेले'च्या भिंतीवरून उतरवायला लावलं.

"सर, पण गोष्टीत तो मेलाय," अनुराधा चाचरत म्हणाली.

"मेलेला नाही. तो बघ, चौकट घेऊन उभा आहे. संदेश, 'मोठे झाले'मध्ये लाव रे."

संदेश खुर्चीवर चढला. खिळा कुठं मारायचा याचा अंदाज घेऊ लागला, तेव्हा बाबांनी खिशातून बोटभर उरलेली निळी पेन्सिल काढून वर धरली.

"आधी रेघ मार. वाकडं नको व्हायला."

"भिंतीवर दिसेल, बाबा."

"दिसू दे," भगवंतराव म्हणाले आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची घट्ट धरली.